वाचनालयाचा संसार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावची एखादी विदुषी वक्ता म्हणून बोलवावी, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडला आणि पलीकडच्या गल्लीतल्या वाचनालयातली बाई उभी केली. प्रवासखर्च वाचला, हा मंडळाचा एक फायदा झाला हे मी कबूल करते. बाकी फायद्याचे काय ते तासाभरानंतर आपणच ठरवा.

आपल्या गावच्या वाचनालयात मी १९८५ साली साहाय्यक म्हणून लागले, पुढे ग्रंथपाल झाले आणि २०२१ साली निवृत्त झाले. म्हणजे एकूण वर्षे छत्तीस. पुस्तकांशी मात्र माझा छत्तीसचा आकडा कधीच नव्हता. या काळात पुष्कळ जणींनी मला एकच प्रश्न केला, "बाई, तुमचे बरे आहे, दिवसभर बसून पुस्तके वाचायची!" मिठाईच्या दुकानातल्या माणसाला दिवसभर पेढे खायला मिळतात, असे समजण्यासारखेच हे आहे. म्हणून आज ठरवले की, वाचनालय चालते कसे, त्याचा संसार कसा असतो, हेच सांगावे. आणि त्या संसारावर हल्ली एक प्रसंग आला आहे, तोही शेवटी आपल्या कानांवर घालावा.

प्रथम हे घर कोणाचे, ते पाहू. आपल्याकडची जुनी वाचनालये चांगली दोनशे वर्षांच्या घरात आली आहेत. रत्नागिरीचे १८२८ सालचे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे. त्या काळी त्यांना 'नेटिव लायब्ररी' म्हणत. पुण्याची नेटिव जनरल लायब्ररी १८४८ साली निघाली, आणि तिच्या उभारणीत लोकहितवादींचा पुढाकार होता. आता हे १८४८ साल आपल्या बायकांच्या ओळखीचे आहे. त्याच साली, त्याच पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. एका बाजूला शिकलेल्या पुरुषांसाठी पुस्तकांची कपाटे उघडली जात होती, आणि दुसऱ्या बाजूला मुलींना अक्षर ओळखता यावे म्हणून एक बाई शेणगोळे अंगावर घेत शाळेत जात होती. त्या शाळेच्या दारातून या वाचनालयाच्या दारापर्यंत यायला आपल्याला किती वर्षे लागली, याचा हिशेब ज्याच्या त्याच्या घरी आजीला विचारून करावा. माझ्या आजीला वाचता येत होते, पण वाचनालयाची पायरी ती कधी चढली नाही. आजोबा जी पुस्तके आणीत ती, आणि तीही त्यांचे वाचून झाल्यावर, तिच्या वाट्याला येत.

स्वातंत्र्याच्या आधी कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला तो पहिला. मद्रासने १९४८ साली केला. आपल्या राज्याचा कायदा १९६७ चा, आणि तो १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालयासाठी लोकांवर कर बसवला होता. आपल्या कायद्यात तसा कर नाही. आपल्याकडे लोकांनी संस्था काढायची, ती चालवायची, आणि सरकारने तिला मान्यता देऊन अनुदान द्यायचे, अशी रीत आहे. पुस्तके किती, वर्तमानपत्रे किती येतात, वाचनालय किती तास उघडे असते, असे सगळे पाहून अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि वर्गाप्रमाणे पैसे मिळतात.

हा कंटाळवाणा तपशील मी मुद्दाम सांगते आहे. कारण पुष्कळांना वाटते की वाचनालय म्हणजे सरकारी कचेरी, किंवा नगरपालिकेचे खाते. तसे नाही, भगिनींनो. ते सभासदांचे आहे. वर्गणी भरणारा प्रत्येक सभासद त्या घराचा मालक आहे, आणि कार्यकारी मंडळ त्यानेच निवडून द्यायचे असते. हे लक्षात ठेवा, शेवटी मला याच मुद्द्यावर यायचे आहे.

आता घरात चला. नवीन पुस्तक वाचनालयात येते ते नव्या सुनेसारखे. तिला उंबरठ्यावर थांबवून जशी सगळी विधिवत् करतात, तसेच याचेही असते. बिल तपासायचे, पाने मोजून पाहायची, मग दाखल नोंदवहीत नाव, लेखक, प्रकाशक, किंमत लिहून त्याला एक क्रमांक द्यायचा. तो क्रमांक जन्माचा. पुस्तक फाटले, हरवले, रद्द झाले तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. मग शिक्के. एक शिक्का आतल्या एका ठरावीक पानावर मारलेला असतो, ते पान कोणते हे आम्ही कोणाला सांगत नाही. पहिले पान फाडून पुस्तक रद्दीत विकणारे महाभाग असतात, त्यांच्यासाठी ती खूण.

त्यानंतर वर्गांक. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा वाटे केले आणि प्रत्येकाला आकडे दिले. मराठी वाङ्मयाचा आकडा ८९१.४६. आपल्या कामाचे आकडे ऐकायचे आहेत? स्वयंपाक ६४१.५, शिवण ६४६, बालसंगोपन ६४९, भरतकाम-विणकाम ७४६. मी नवी असताना मला याचा फार धाक वाटे. मग एक दिवस घरी डबे लावता लावता लक्षात आले की, आपण तरी दुसरे काय करतो? डाळी एका फळीवर, पिठे एका फळीवर, मसाल्याचा डबा हाताशी, आणि वर्षाचे तिखट वरच्या फळीवर. रात्री वीज गेली तरी हात घातला की जिरे सापडले पाहिजे. वर्गीकरणाचे सगळे शास्त्र त्या जिऱ्यात आहे.

आपल्या देशात हे शास्त्र वाढवणारे थोर पुरुष म्हणजे डॉ. रंगनाथन. मूळचे गणिताचे प्राध्यापक, मद्रासला ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. ती परीक्षेसाठी मी तोंडपाठ केली होती, पण कळली फार उशिरा. त्यांतले एक सूत्र माझ्या शब्दांत सांगायचे तर असे, की दारात आलेल्या वाचकाचा वेळ फुकट जाऊ देऊ नये. आमच्याकडे दुपारी एक बाई येत. धाकटे मूल झोपवून, दार पुढे ओढून, शेजारणीला 'बघ हं जरा' सांगून आलेल्या असत. त्यांच्याजवळ दहा मिनिटे असायची. त्यांना मी पुस्तकयादी चाळायला लावली असती, तर त्या दुसऱ्यांदा आल्या नसत्या. मग मी सकाळीच त्यांच्यासाठी तीन पुस्तके काढून टेबलावर ठेवू लागले. त्यांतले एक त्या उचलीत. पंधरा वर्षे हे चालले. त्यांचे ते मूल पुढे इंजिनियर झाले, आणि बाईंचे वाचन माझ्यापेक्षा जास्त झाले.

संसार म्हटला की डागडुजी आलीच. पुस्तकाचे शत्रू अनेक: कसर, वाळवी, ओल, उंदीर आणि आपण. कसरीला खळ फार आवडते, म्हणून बांधणी करणारे लोक खळीत मोरचूद घालतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधी लावू नका. वर्षा-दोन वर्षांत तिचा डिंक पिवळा पडतो आणि पान कायमचे डागाळते. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची खळ, हाच खरा उपाय. आणि पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकवू नये, चार बोटे अंतर ठेवावे.

पाण्याचे नाव निघाले म्हणून सांगते. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला महापूर आला आणि तिथल्या जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरले. २०२१ च्या जुलैत चिपळूणला तसेच झाले. तिथले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर तर १८६४ पासूनचे. दोन्हीकडच्या बातम्या वाचल्या त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे पूर नव्हता, पण एका मृगात पन्हळ तुंबली आणि संदर्भ विभागाच्या दोन फळ्या भिजल्या. पहिल्यांदा मनात आले की गच्चीवर उन्हात घालावीत, पापडासारखी. तसे करायचे नसते. कडक उन्हाने कागद वाकतो, ठिसूळ होतो. पुस्तक उभे करायचे, पानांत मधून मधून कोरा टीपकागद घालायचा, पंखा सोडायचा, आणि कागद ओला झाला की बदलायचा. दोन दिवसांत वाळले नाही तर बुरशी धरते. त्या दोन रात्री मी, शिपाईमामा आणि याच मंडळातल्या चौघी, अशा सहा जणांनी जागून कागद बदलले. त्यांतल्या दोघी आज समोर बसल्या आहेत. त्यांना आठवत असेल, पहाटे चार वाजता आपण चहा केला, आणि कपात साखरेऐवजी खळीचे पीठ पडले!

आता सेवेविषयी. वाचनालय म्हणजे पुस्तकांची देवघेव एवढेच नाही. सकाळी सातला वर्तमानपत्रे वाचायला येणारे आजोबा असतात. त्यांचे जागेवरून भांडण होते, पण एखादा दोन दिवस आला नाही तर बाकीचे त्याच्या घरी चौकशी करतात. जुने अंक शोधायला लोक येतात. एका ताईंना वडिलांच्या निधनाची बातमी ज्या अंकात आली होती तो हवा होता. घरात वडिलांचा फोटो एकही उरला नव्हता, आणि त्या बातमीत एक होता. बांधीव फाईल काढायला अर्धा दिवस गेला. फोटो टपालाच्या तिकिटाएवढा निघाला. त्या तो कितीतरी वेळ नुसत्या पाहत राहिल्या. त्या दिवशी आमच्या वहीत नोंद झाली ती एवढीच: 'संदर्भसेवा, एक'.

संगणक आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'ई-ग्रंथालय' या प्रणालीत आमची सगळी यादी चढवायला दोन वर्षे लागली. मला वाटले होते या वयात काही जमायचे नाही, पण शिकवायला दहावीतला मुलगा होता आणि तो रागावत नसे. हल्ली मोबाइलवर सगळे मिळते, मग वाचनालय कशाला, असे विचारतात. मिळते हे खरे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तो जड खंड उचलताना माझे मनगट दुखायचे. तोच विश्वकोश आज फुकट मोबाइलवर वाचता येतो. पण हे सांगायला कोणीतरी लागतेच ना? तो मोबाइलवर आहे हे आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना मीच सांगितले. शिवाय प्रत्येक घरात मोबाइल असला तरी तो प्रत्येकीच्या हातात नसतो, हे आपण जाणता.

यावरून एक प्रसंग आठवला. एकदा एक गृहस्थ आले. बोलणे सभ्य होते. म्हणाले, "आमच्या घरातून कोणकोणती पुस्तके नेली जातात, ती यादी द्या." कार्ड पत्नीच्या नावावर होते. मी कारण विचारले तर म्हणाले, "सहज." ती बाई त्या महिन्यात कायद्याची पुस्तके नेत होती. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती २००५ साली झाली, ती सोप्या मराठीत समजावणारे पुस्तक तिने दोनदा नेले होते. मी म्हटले, "दादा, ही नोंद पुस्तक परत यावे म्हणून ठेवलेली असते. कोण काय वाचते ते सांगण्यासाठी नसते. घरातच विचारा ना." ते रागावले, वर तक्रार करीन म्हणाले, आणि केलीही. कार्यकारी मंडळातल्या एक-दोघांना वाटले की बाईंनी उगाच ताणले. पण अध्यक्षांनी माझी बाजू घेतली. डॉक्टर जसा एकाचे दुखणे दुसऱ्याला सांगत नाही, तसे ग्रंथपालाने कोणाचे वाचन सांगू नये. तुमच्यापैकी प्रत्येकीने हे मनात पक्के ठेवावे की, तुम्ही काय वाचता ते वाचनालयाच्या भिंतीबाहेर जात नाही.

आतापर्यंत मी माझे चांगलेच सांगितले. एक चूकही सांगते, नाहीतर हे भाषण खोटे होईल.

१९९८ च्या सुमाराची गोष्ट. सहावीतली एक मुलगी येत असे. आई चार घरची धुणी-भांडी करणारी. मुलगी झपाट्याने वाचायची, आज नेलेले पुस्तक परवा परत. एकदा मात्र पुस्तक गेले ते दोन महिने आलेच नाही. आले तेव्हा मी वही काढली. दिवसाला पन्नास पैसे दंड, चौसष्ट दिवस उशीर, बत्तीस रुपये झाले. ती काही बोलली नाही. मी मात्र बोलले. नियम सगळ्यांना सारखा, बाकीच्या मुलांना पुस्तक मिळत नाही, जबाबदारी शिकायला हवी, असे पुष्कळ बोलले. तिने पुस्तक टेबलावर ठेवले आणि ती गेली. जाताना चप्पल उलटी घातली होती, हे मला अजून दिसते. त्यानंतर ती आली नाही.

मला वाटले, येईल. पैसे जमले की येईल. मग कामात मी विसरले.

सात-आठ वर्षांनी पिठाच्या गिरणीत तिची आई भेटली. मुलीचे लग्न झाले होते. बोलता बोलता बाई म्हणाली, "तुमच्या पुस्तकाचं पान धाकट्यानं फाडलं होतं. तिनं भीतीनं ते गादीखाली लपवलं. भातानं चिकटवलं, तरी शिवण दिसतच होती. मग म्हणाली, आता बाई मला पुस्तक देणार नाहीत." बत्तीस रुपये हा आकडा आईला माहीतच नव्हता. मुलीने घरी सांगितलाच नव्हता.

मी घरी येऊन पीठ तसेच ठेवले आणि वाचनालयात गेले. दाखल नोंदवहीवरून ते पुस्तक शोधले. एका पानाला भाताची शिते वाळून चिकटलेली होती. दंड घेतला की नाही याची नोंद होती. पान फाटल्याची नव्हती. म्हणजे पुस्तक परत घेताना मी ते उघडूनही पाहिले नव्हते. मी फक्त तारीख पाहिली होती.

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडला की, चौदा वर्षांखालील मुलांना दंड नको. खजिनदार चांगले माणूस, पण हिशेबी. म्हणाले, "दंड गेला तर पुस्तके परत येतील कशी?" प्रश्न रास्त होता. तासभर चर्चा झाली. शेवटी असे ठरले की, ज्या मुलाला उशीर होईल त्याने अर्धा तास बसून पुस्तके फळीवर लावायला मदत करायची. पहिल्या महिन्यात काय झाले म्हणाल? मुले मुद्दाम उशिरा पुस्तके आणू लागली. त्यांना ते काम आवडले! आणि आम्ही 'गहाळ' म्हणून लिहून टाकलेली काही पुस्तकेही हळूच परत आली. कोणी टेबलावर ठेवून पळाले, कोणी लहान बहिणीबरोबर पाठवली. खजिनदारांनी स्वतः तो नियम पुढच्या वर्षी कायम करा म्हणून सुचवले. पण ती मुलगी काही परत आली नाही. नियम सुधारला तो तिच्यामुळे, आणि त्याचा लाभ झाला दुसऱ्यांना.

असो. आता ज्या प्रसंगासाठी मी हे सगळे सांगितले, तो सांगते.

वाचनालयाचा जमाखर्च तुम्हांला कळेल असा आहे. वर्गणी थोडी, अनुदान हप्त्याहप्त्याने आणि कधी उशिरा येणारे, देणग्या सणासुदीच्या. खर्चात विजेचे बिल, वर्तमानपत्रे, बांधणी, नवी पुस्तके, आणि सेवकांचे वेतन, जे सभेत सांगण्यासारखे नाही. या तोंडमिळवणीत कार्यकारी मंडळापुढे एक सूचना आली आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना बसायला जागा हवी आहे. ते महिन्याचे पैसे द्यायला तयार आहेत. तेव्हा मुलांचा विभाग काढून तिथे अभ्यासिकेची टेबले घालावीत, आणि दुपारी दोन ते चार ही महिलांची वेळ, उपस्थिती कमी झाली म्हणून, बंद करावी. येत्या वार्षिक सभेत यावर मत घेतले जाईल.

ज्यांनी ही सूचना आणली त्यांच्यावर माझा राग नाही. ती मुले मी पाहिली आहेत. एका खोलीत सहा माणसे राहतात अशा घरांतून येतात, दिवसभर पाण्याच्या बाटलीवर बसतात. त्यांची गरज खरी आहे. पण एकाला ताट वाढायचे म्हणून दुसऱ्याचे ओढून घ्यायचे, असे आपल्या घरात आपण करतो का? पंगत लांबवतो, सतरंजी आडवी घालतो, पण दोघांना बसवतो. वरचे दालन संध्याकाळी पाचनंतर रिकामे असते, ते अभ्यासिकेला द्या. सकाळी मुले शाळेत असतात, तोवर मुलांच्या विभागातही त्यांना बसू द्या. मार्ग निघतो. पण तो सभेत कोणी मांडला तर!

आणि आपल्या वेळेची उपस्थिती कमी झाली, हे मात्र खरे आहे, भगिनींनो. हा दोष मी दुसऱ्यावर टाकत नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे वाचनालय बंद झाले, ऑक्टोबरात उघडले. त्या सात महिन्यांत कसरीने जेवढी पुस्तके खाल्ली नसतील, तेवढ्या वाचकांची सवय मोडली. पुष्कळ जणी नोकरी करतात, त्यांना दुपारी येता येत नाही. पुष्कळ जणींचे गुडघे जिना चढू देत नाहीत. यांच्यासाठी वाचनालयाने काय केले? काही नाही. दार उघडे ठेवून आम्ही वाट पाहत बसलो.

यावर माझ्याजवळ एक तोडगा आहे, आणि तो माझा नव्हे, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आहे. महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मग त्यांच्या लक्षात आले की, शाळा सुटल्यावर हाती पुस्तक आले नाही तर शिकलेले विसरते. म्हणून १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून गावोगाव वाचनालये काढली. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठवली. त्या पेट्यांचे भाडेसुद्धा संस्थान देत असे. महाराजांनी जे आगगाडीने केले, ते आपल्याला पायी करता येईल. आपल्या मंडळाच्या सभासद प्रत्येक आळीत आहेत. एका पेटीत पंचवीस पुस्तके, एका आळीत एक पेटी, एका बाईकडे तिची वही. महिन्याने पेटी पुढच्या आळीला. पेटीची यादी करून द्यायला मी तयार आहे. नियम फक्त दोन ठेवा: पुस्तक मागणाऱ्या बाईला 'तुम्हांला हे झेपेल का' असे विचारायचे नाही, आणि कोणी काय वाचले ते आळीत सांगायचे नाही. ज्यांची दृष्टी गेली आहे अशा आजींना आठवड्यातून एक तास कोणी वाचून दाखवले, तर त्याचीही नोंद मी वाचनालयाच्या सेवेत करायला लावीन. नोंद झाली की ती अहवालात येते, आणि जे अहवालात येते त्याला सहसा कोणी कात्री लावत नाही. छत्तीस वर्षांत मी एवढा व्यवहार शिकले आहे.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. वाचनालयाच्या बाहेरच्या दालनात आजवरच्या अध्यक्षांच्या तसबिरी लावल्या आहेत. रोज पुसताना मी त्या पाहिल्या आहेत. त्यांत एकही बाई नाही. कार्यकारी मंडळात आजवर एखादीच होती, आणि तिच्याकडे बहुधा हळदीकुंकवाची आणि अल्पोपाहाराची व्यवस्था असे. मला हे कोणाच्या दोषासाठी सांगायचे नाही. आपण सभासदच किती आहोत? घरात पुस्तके येतात ती नवऱ्याच्या किंवा मुलाच्या कार्डावर. कार्ड ज्याचे, मत त्याचे. तेव्हा सभासद व्हायचे ते स्वतःच्या नावाने व्हा. वार्षिक सभेला या, शेवटच्या रांगेत न बसता पुढे बसा, आणि सूचना वाचली जाईल तेव्हा हात वर करून बोला. बोलताना अडखळलात तरी चालेल, मीही आज दोनदा अडखळले आहे. आणि पुढच्या निवडणुकीत निदान दोघींनी उभे राहावे. दुपारची वेळ आणि मुलांची खोली राहावी की जावी, हे त्या खोलीत कधी बसलेली माणसे ठरवतील, तर ते बरे होईल.

माझे बोलणे लांबले. सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी मघाशीच पेन खाली ठेवले आहे, आणि आतून कॉफीचा वास येतो आहे. निवृत्त झाल्यापासून मी दर शनिवारी मुलांच्या खोलीत गोष्टी सांगायला जाते. मागच्या शनिवारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी सहावी-सातवीतली असावी. दारातच थांबून तिने विचारले, "उशीर झाला तर दंड किती?" मी म्हटले, "दंड नाही. अर्धा तास आमच्यात बसायचे." तिने आईकडे पाहिले आणि चप्पल काढून आत आली.

ती खोली तशीच राहावी, एवढीच माझी आपल्याजवळ मागणी आहे. वार्षिक सभेची तारीख वाचनालयाच्या फळ्यावर लिहिली आहे. वर्गणीची पावती उद्या दुपारी दोनपासून मिळेल. मी तिथे असेन.